नोटिशीवर सही कोणाची? कायद्याचे विद्यार्थी आणि छोटे व्यावसायिक

प्रश्न : मी मडगावात कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. ओळखीच्या फर्निचरवाल्याचे पैसे ग्राहकाकडे अडकलेत. त्याला नोटीस लिहून देऊ का?

मसुदा जरूर लिहा, सही मात्र तुमची नको. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिली फक्त नोंदणीकृत वकिलालाच करता येते. नोटीस दुकानदार स्वतःच्या नावाने पाठवू शकतो किंवा वकिलामार्फत. मसुदा दोन्हीकडे तुमचा असू शकतो. शक्यतो महाविद्यालयाच्या कायदा साहाय्य केंद्रातूनच हे काम करा, म्हणजे मसुद्यावरून प्राध्यापकाची नजर फिरेल.

पहिल्या भेटीत कलमे सांगत बसू नका. चार रकाने आखा : तारीख, काय घडले, कोणता कागद, तो कोणाकडे आहे. निम्मी प्रकरणे इथेच उलगडतात. वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी ग्राहकाने सहीनिशी थकबाकी मान्य केली असेल, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. असा कागद बहुतेकदा दुकानदाराच्या वहीतच असतो आणि त्याचे मोल त्याला ठाऊक नसते.

प्रश्न : डिचोलीत माझा काजू भाजून पॅक करण्याचा छोटा कारखाना आहे. एका हॉटेलाने पाच महिने पैसे दिलेले नाहीत. ९० दिवसांची बोली होती, असे ते म्हणतात. मदतीला दोन विद्यार्थी आहेत. त्यांना काय करायला सांगू?

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात ९० दिवसांची बोली टिकत नाही. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवस, नसला तर १५. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. विद्यार्थी इथे हमखास रेपो दर धरतात. धरायचा तो रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेला 'बँक दर'.

त्यांना आधी उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला, पाहू द्या. त्यावर 'उत्पादन' आहे की नुसता 'व्यापार'? केवळ व्यापारी म्हणून झालेली नोंदणी प्राधान्य क्षेत्रातील (बँकांनी ठरावीक वाटा द्यायच्या) कर्जापुरती असते, थकीत रकमेच्या तरतुदींचा लाभ तिला मिळत नाही. तुम्ही काजू भाजता, तर ते नोंदणीत दिसले पाहिजे. नोंदणीची तारीख माल पुरवण्याच्या आधीची आहे ना, हेही पाहा. नंतरच्या नोंदणीवर समोरचा पक्ष पहिला आक्षेप घेतो.

मग प्रत्येक बिलाला त्याचे डिलिव्हरी चलन जोडायचे, घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख असलेले. 'माल खराब होता' हे हॉटेलाचे नेहमीचे उत्तर. पण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नसेल, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. चलनावर तारीखच नसली, तर हा मुद्दा हातचा जातो. एवढे जुळले की याच कायद्याखाली थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा.

प्रश्न : साखळीत माझा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय आहे. प्रकरण कोर्टात गेले तर वकील परवडणार नाही.

तुम्ही महिला असाल, तर एवढे पुरेसे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दाव्यात सकृतदर्शनी तथ्य मात्र दिसायला हवे. अर्ज आणि सोबतचे कागद विद्यार्थी तयार करून देऊ शकतात.

प्रश्न : फोंड्यात माझी बेकरी आहे. दुकान माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तरी कर्जाचे कागद जमवणारा विद्यार्थी पत्नीचे कागद का मागतो?

तो बरोबर करतोय. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. स्थावर मालमत्ता विकायची वा गहाण टाकायची तर दोघांची संमती लागते. विवाह नोंदणीचा दाखला त्यासाठीच. आयकरातही पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे बेकरीचा नफाही, दोघांत निम्मा-निम्मा धरला जातो. गोव्याबाहेरच्या पुस्तकांवर शिकलेला विद्यार्थी नेमका इथे चुकतो. तुमचा चुकला नाही, याचा आनंद आहे. फक्त मूळ विक्रीखत त्याच्या हाती देऊ नका. झेरॉक्स द्या, आणि बँकेने मूळ कागद मागितले तर ते स्वतः नेऊन पोचपावती घ्या.