वाडा धोकादायक ठरला, म्हणून पाडावाच लागतो का?

प्रश्न : नौपाड्यात आजोबांनी बांधलेला आमचा एकमजली वाडा आहे, सागवानी खांब, मंगळुरी कौले, मागे विहीर. मी आणि दोन चुलतभाऊ असे आम्ही तिघे समान हिस्सेदार असून रस्त्याकडच्या खोलीत जुन्या भाडेकरूचे किराणा दुकान आहे. महापालिकेने वाडा 'सी-2ए' वर्गात असल्याची नोटीस दारावर डकवली आहे. नोटीस आली म्हणजे पाडणे भागच आहे, असे म्हणून भावांनी विकासकाशी बोलणी सुरू केली आहेत. मला वाडा राखायचा आहे. कायदा माझ्या बाजूने आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या भावांनी नोटीस बहुधा पूर्ण वाचलेली नाही. पाडण्याजोगी अतिधोकादायक इमारत 'सी-1' वर्गात मोडते. 'सी-2ए' याचा अर्थ इमारत रिकामी करून तिची संरचनात्मक दुरुस्ती करणे असा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली मालकावर धोका दूर करण्याची जबाबदारी येते आणि तो दुरुस्तीनेही दूर होऊ शकतो. मात्र नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, कारण पावसाळ्यात काही पडले तर जबाबदारी तिघांवरही येईल. तपासणीसाठी लाकडी व चुन्याच्या बांधकामाची जाण असलेला अभियंता निवडा. जमिनीलगत कुजलेल्या खांबाचा तेवढाच भाग कापून नवे सागवान सांधता येते, हे केवळ आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, तपासणारा अभियंता अहवालात लिहिलच असे नाही.

दुसरा प्रश्न वारसा यादीचा, म्हणजे जतन करण्याजोग्या वास्तूंच्या अधिकृत यादीचा, आणि माझ्या अनुभवात लोक नगरसेवकापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे जाऊन आल्यावर ही यादी पाहतात. माहिती अधिकारात अर्ज करून वाडा किंवा त्याची आळी यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे लेखी मागा. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच अस्तित्वातील इमारत पाडणे आणि वारसा इमारतीत महत्त्वाचा बदल करणे येते, त्यामुळे यादीतील वास्तू महापालिका आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय पाडता येत नाही. आपला वाडा यादीत असलाच तर तो तिसऱ्या श्रेणीत असण्याचा संभव अधिक. परिसराला त्याचे रूप देणाऱ्या साध्या वास्तूंसाठीच ही श्रेणी आहे. तिच्यात आतले बदल, नवा वापर आणि आवारात मूळ वास्तूशी सुसंगत वाढीव बांधकाम यांना वाव असतो. यादीमुळे जे चटईक्षेत्र, म्हणजे अनुज्ञेय बांधकाम, वापरता येत नाही त्याच्या मोबदल्यात टीडीआर, म्हणजे ते दुसऱ्या जागी वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क, मिळण्याची तरतूदही वारसा नियमांत असते, हे भावांच्या कानावर जरूर घाला. वाडा यादीत नसेल तर तो घेण्याविषयी आयुक्तांकडे अर्ज करता येतो, पण अशा अर्जाने पाडकामाला आपोआप स्थगिती मिळते असे समजू नका.

आपली खरी अडचण घरातली आहे. सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीवाचून पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढे जाऊ नये, म्हणून महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे आजच लेखी हरकत नोंदवून पोच घ्या. तरीही पाडकामाची चिन्हे दिसली तर दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मागता येईल. भाऊ मात्र वाटपाचा दावा लावू शकतात, आणि अशा वाड्याचे तीन तुकडे सोयीचे नसल्याने वाटप अधिनियम, 1893 च्या कलम 2 खाली विक्रीची मागणीही करू शकतात. त्यासाठी निम्मा हिस्सा लागतो, दोघांचा मिळून तो दोन-तृतीयांश आहे. त्या वेळी कलम 3 आपल्या कामी येईल, कारण न्यायालय ठरवील त्या किमतीला त्यांचे हिस्से विकत घेण्याचा हक्क आपल्याला मिळतो. ती रक्कम उभी करणे शक्य नसेल, तर आपली बाजू येथे लंगडी पडते, हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

भाडेकरूला विरोधक समजू नका. इमारत पाडली गेली तरी भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात ठरवले आहे, त्यामुळे विकासकाला त्याला डावलता येणार नाही. दुरुस्तीच्या काळात त्याला तात्पुरता बाहेर ठेवून त्याच जागेत परत घेण्याचा लेखी करार करून द्या. आणि वाडा रिकामा होण्यापूर्वी दर्शनी भाग, जिना, तुळया व विहीर यांची मोजमापे घेऊन वास्तुविशारदाकडून नकाशे करून घ्या, तारखेसह छायाचित्रे काढा आणि त्यांचा एक संच नोटिशीच्या उत्तराला जोडा.