नेमबाजी : वाचकांचे प्रश्न. फ्रंट साइट धूसर दिसते, बदलू का?

प्रश्न : ताई, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, वय ५१. मुलीला क्लबवर सोडायला जाता जाता मीही दहा मीटर एअर पिस्तूल मारायला लागलो. आता मास्टर गटात स्पर्धेला उतरायचं मनात आहे. जुनं, पण चांगल्यापैकी मॅच (स्पर्धेचं) पिस्तूल घेतलंय. गेल्या काही महिन्यांपासून फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची पट्टी, धूसर दिसते. एक मित्र म्हणतो फायबर ऑप्टिकची, हिरवा ठिपका चमकणारी साइट लाव, दुसरा म्हणतो रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसव. नेमकं काय घेऊ?

उत्तर : दादा, रेड डॉटचा विचार आधी डोक्यातून काढा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत पिस्तुलाला फक्त उघडी साइट चालते. दुर्बीण, आरसा, लेझर, उजेडाचा ठिपका, यातलं काहीही चालत नाही. नंबरची काचसुद्धा पिस्तुलावर बसवता येत नाही. ती तुमच्या चष्म्यात मात्र चालते आणि तुमचा इलाज तिथेच आहे.

फायबरची साइट मला या खेळासाठी अजिबात पटत नाही. डोळा त्या चकाकत्या ठिपक्यावर जाऊन बसतो आणि फ्रंट साइटची वरची सरळ कड हरवते. आपला नेम त्या कडेवर असतो. ती रियर साइटच्या, म्हणजे मागच्या खाचेच्या, कडेशी एका रेषेत हवी आणि दोन्ही बाजूंना उजेडाची फट सारखी हवी. जवळच्या मोठ्या निशाण्यावर भराभर मारायचं असेल तर ठिपका उपयोगी पडतो. आपल्याकडे दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं आहे.

कडेचा एवढा आग्रह का, त्याचा हिशेब बघा. एअर पिस्तुलात दोन साइट्समधलं अंतर साधारण ३३० मिलिमीटर धरू. फ्रंट साइट खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली की दहा मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ चार वर्तुळं, कारण एकेक वर्तुळ ८ मिलिमीटरचं. पण दोन्ही साइट्स जुळलेल्या ठेवून सगळा हात ३ मिलिमीटर हलला, तर छर्राही ३ मिलिमीटरच हलतो आणि दहा गुण जात नाहीत. म्हणून टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालेल, फ्रंट साइट धूसर चालणार नाही.

तुम्हाला चाळिशी लागली आहे, दुसरं काही नाही. वाचायचा चष्मा चाळीसेक सेंटीमीटरसाठी असतो, आणि हात ताणल्यावर फ्रंट साइट डोळ्यापासून मीटरभराच्या आसपास जाते. त्यामुळे तो चष्मा लावून साइट नीट दिसत नाही आणि टार्गेट तर पार विरघळतं. असं करा : पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, सेफ्टी फ्लॅग (नळीत घालायची रंगीत दोरी) घाला, नेहमीसारखे उभे राहा आणि मुलीला शिंप्याच्या टेपनं डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. तो आकडा कागदावर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बहुतेकांना लांबच्या नंबरात अधिक ०.५० किंवा ०.७५ मिळवल्यावर साइट लख्ख दिसते आणि काळं वर्तुळही पुरेसं कळतं. हा नंबर फक्त नेमाच्या डोळ्याला लागतो. प्रोग्रेसिव्ह काच (जिच्यात लांबचा-जवळचा नंबर एकत्र असतो) घेऊ नका. पिस्तूल मारताना आपण मान वळवून काचेच्या कडेतून बघतो, आणि तिथे त्या काचेत चित्र वाकडं येतं. शक्य असेल तर नेमबाजीचा फ्रेम घ्या, ज्यात काच फिरवून बरोबर डोळ्यासमोर आणता येते.

हे झाल्यावरच साइटला हात घाला, कारण धूसर डोळ्यानं निवडलेली रुंदी चष्मा आल्यावर चुकीची ठरते.

मॅच पिस्तुलाच्या फ्रंट साइटचं ब्लेड बदलता येतं. काहींत तेच ब्लेड फिरवून रुंदी बदलते. टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा असतो. ९० सेंटीमीटरवर धरलेलं ४.५ मिलिमीटरचं ब्लेड दहा मीटरवर ५० मिलिमीटर झाकतं, ५ मिलिमीटरचं ब्लेड सुमारे ५६. म्हणजे दोन्ही काळ्यापेक्षा किंचित अरुंद दिसतात. माझा कल रुंदकडे आहे, चाळिशीनंतर तर नक्कीच. बारीक ब्लेड अचूक वाटतं, पण त्याची कड शोधता शोधता डोळा दमतो आणि साठ शॉट्सच्या शेवटी तो दमलेलाच असतो. ब्लेडचा माथा सपाट आणि दोन्ही कोपरे काटकोनात आहेत ना, तेही बघा. जुन्या पिस्तुलात पेटीत घालता-काढता हे कोपरे झिजतात, आणि गोल झालेला कोपरा कितीही चांगल्या चष्म्यातून गोलच दिसतो.

मग रियर साइटची खाच. दोन्ही बाजूंना मिळून ब्लेडच्या अर्ध्याएवढा उजेड दिसेल इथून सुरुवात करा. फट फार बारीक ठेवली तर ती दिसेनाशी होते आणि मुलं ती शोधत ट्रिगर ओढणं लांबवतात. पंचवीस मीटर रॅपिड फायरचे नेमबाज फट मोकळी ठेवतात, कारण त्यांना शेवटच्या फेरीत पाच टार्गेटवर पाच गोळ्या चार सेकंदांत मारायच्या असतात. आपल्या शेजारच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये (सैन्याच्या नेमबाजी पथकात) तयार झालेल्या विजय कुमारांनी २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात रौप्य मिळवलं. महूचं नाव निघालं की मला अजूनही अभिमान वाटतो, म्हणून लिहिलं.

ब्लेडवरचा काळा रंग उडून बाजू चमकत असेल तर नेम दिव्याच्या दिशेनुसार सरकतो. त्यासाठी नवीन साइट नको. ब्लेड काढून त्यावर कापराची काजळी धरा. पण पिस्तुलापासून लांब जाऊन! पिस्तुलाच्या २०० बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरजवळ ज्योत न्यायची नाही.

प्रश्न : मॅडम, आम्ही महूला असतो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, उजव्या हातानं मारते. तिचे छर्रे सतत डावीकडे खाली जातात. रियर साइट बदलावी की स्क्रू फिरवावेत?

उत्तर : सध्या काहीच करू नका. उजव्या हाताच्या नवशिक्या मुलांचे छर्रे डावीकडे खाली जातात ते बहुतेक वेळा ट्रिगर ओढताना सगळी मूठ आवळल्यामुळे. तेच पिस्तूल क्लबमधल्या एखाद्या मुरलेल्या नेमबाजाला देऊन पाच शॉट्स मारायला सांगा. त्याचे मध्ये पडले तर साइट बरोबर आहे, आणि मुलीला कोरा कागद समोर लावून नुसत्या ट्रिगरचा सराव द्या. त्याचेही डावीकडेच गेले तर स्क्रूला हात लावा. नियम सोपा आहे : छर्रा जिकडे न्यायचा तिकडे रियर साइट न्यायची. मात्र स्क्रूवरच्या खुणा फसवतात. काही पिस्तुलांवर बाण ‘छर्रा इकडे न्या’ असं सांगतो, काहींवर ‘छर्रा इकडे गेला असेल तर फिरवा’ असं. पाच-सहा क्लिक देऊन दोन छर्रे मारले की तुमच्या पिस्तुलाचं काय ते कळेल.

प्रश्न : वडिलांचं .३२ रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या लायसन्सवर चढलं आहे. रेंजवर पंधरा मीटरवरून गोळी दहा सेंटीमीटर खाली लागते. फ्रंट साइट घरीच कानशीनं घासू का? की दुसरी बसवून घेऊ?

उत्तर : घरी नको. गोळी खाली लागत असेल तर फ्रंट साइट कमी करायची आणि वर लागत असेल तर उंच करायची, हे खरं. पण किती, ते पाहा : चूक गुणिले दोन साइट्समधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. साइट्समधलं अंतर १२० मिलिमीटर धरलं तर १०० गुणिले १२० भागिले १५,०००, म्हणजे फक्त ०.८ मिलिमीटर. कानशीचे दोन हात जास्त पडले की गोळी वर जाऊ लागते आणि घासलेलं लोखंड परत येत नाही.

त्याआधी काडतुसं तपासा. दुसऱ्या बनावटीच्या काडतुसानं उंची बदलते. पुढे जी वापरणार असाल त्याच काडतुसांनी, हात टेकवून, पाच गोळ्या मारून मध्य काढा. मग काम द्यायचं ते परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडेच. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दुसऱ्याचं शस्त्र दुरुस्त करणं गुन्हा आहे, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याला त्यात पाडू नका. जाताना लायसन्स बरोबर ठेवा, रिव्हॉल्व्हर रिकामं न्या आणि देताना पावतीवर शस्त्राचा नंबर लिहून घ्या. आणि त्याला एकदम ०.८ काढायला सांगू नका. अर्धं काढा, रेंजवर मारून बघा, मग उरलेलं.