जांघेतून हृदयात पंप?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या सासऱ्यांना (वय ६१) मोठा अटॅक आला, बीपी ७० च्या वर जाईचना. तिथल्या डॉक्टरांनी बलून टाकला आणि म्हणाले इम्पेला नावाचा पंपपण असतो पण लाखांत जातो, आम्ही नको म्हणालो. सासरे वाचले, आता घरी आहेत, पण मिस्टरांच्या डोक्यातनं जातच नाही की पैशाकडे बघून आपण चुकलो का. — एक वाचक, सांगली

उत्तर: मिस्टरांना आधी सांगा, बाबा घरी आलेत ना, मग आता मागचं उकरत बसू नका.

इम्पेला म्हणजे छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून सरकवत हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेलेली नळी, तिच्यात इवलासा पंखा असतो जो मिनिटाला चाळीसेक हजार (हो, हजारच!) फेरे घेतो आणि कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो, मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास, तेवढाच हृदयाला आराम. बलून स्वतः रक्त ओढत नाही, महाधमनीत हेलियमने फुगतो-मिटतो, नुसता हातभार. गंमत म्हणजे याचा पूर्वज हेमोपंप डॉ. रिचर्ड वॅम्पलर यांना इजिप्तमध्ये पाणी चढवायचा स्क्रू बघून सुचला, १९८८ ला ह्यूस्टनमध्ये पहिल्यांदा पेशंटला लावला.

आता खरं सांगते, बलूनने जीव जास्त वाचतात असं २०१२ च्या ६०० पेशंटांच्या जर्मन ट्रायलमध्ये दिसलं नाही. इम्पेलाचं २०२४ ला डॅन्जर-शॉक ट्रायलमध्ये दिसलं: सहा महिन्यांत पंपवाले ४५.८ टक्के गेले, बाकीचे ५८.५. पण ब्लीडिंग, पायाचं रक्त अडकणं, रक्तपेशी फुटणं असले त्रास पंपवाल्यांत २४ टक्के, दुसरीकडे ६.२, आणि डायलिसिसपण जास्त लागलं. शिवाय त्यात निवडक पेशंटच होते, अटॅकनंतर हृदय बंद पडून बेशुद्धच राहिलेले तर घेतलेच नव्हते. म्हणजे पंप लावला असता तर नक्की बरं झालं असतं असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि पायाच्या धमन्या खराब असतील तर तो जांघेतून जातपण नाही.

मिस्टरांना काळजी करायचीच असेल तर पुढची करू दे. अटॅकला दीड महिना झाला की इको करून घ्या, औषधं चालू असूनही ईएफ (हृदय दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३५ किंवा त्याच्या खाली असेल तर एआयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर आपोआप शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) लागेल का ते तुमच्या कार्डिओलॉजिस्टना विचारा, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका, सासरे कितीही कुरकुरले तरी.