गंगाजळी असताना कर्ज कशाला?

डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांनी समभाग घेतलेल्या कंपनीच्या अहवालात ‘राखीव निधी व शिल्लक’ ४० कोटी दाखवली आहे. वर्तमानपत्राच्या बातमीत त्यालाच ‘कंपनीची गंगाजळी’ म्हटलं होतं. आणि त्याच अहवालात बँकेचं २५ कोटींचं कर्जही आहे. ते विचारतात, एवढी गंगाजळी असताना कंपनी व्याज का भरते? आणि हा शब्द इथे बरोबर आहे का?

शब्दाचं आधी सांगतो, कारण व्याजाचं कोडं त्यातूनच निर्माण झालं आहे. माझ्या मते तो शब्द इथे चुकीचा आहे, आणि गुंतवणूकदाराची दिशाभूल करणारा आहे.

गंगाजळी म्हटलं की गंगेच्या पाण्याचं तोंड बंद केलेलं भांडं डोळ्यांसमोर येतं. ते देवघरात जपून ठेवायचं आणि वेळ आली तरच उघडायचं. त्यावरून अडीनडीसाठी बाजूला काढलेला पैसा हा अर्थ रुळला. म्हणजे हा शब्द वापरताना पैसा खरोखर आहे, तो वेगळा ठेवलेला आहे आणि लागेल तेव्हा काढता येईल, हे आपण गृहीत धरतो. ‘परकीय चलनाची गंगाजळी’ म्हणतो तिथे तो चपखल बसतो. रिझर्व्ह बँकेजवळचे परदेशी रोखे, सोनं वगैरे प्रत्यक्ष मालमत्ता असते. आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या विक्रीच्या रकमेतला १० टक्के भाग कायम निधीत ठेवायचा आदेश दिला. तिथेही पैसा खरोखर वेगळा काढायचा होता.

कंपनीच्या ताळेबंदातलं राखीव तसं नसतं. मराठी अहवालांत ताळेबंदाला दोन बाजू असतात : ‘भांडवल व देणी’ आणि ‘जिंदगी व येणी’. पैसा आला कुठून, हे पहिली बाजू सांगते आणि तो आज कोणत्या रूपात आहे, हे दुसरी. राखीव निधी छापलेला असतो पहिल्या बाजूला, भागभांडवलाच्या, म्हणजे समभाग विकून उभारलेल्या मूळ भांडवलाच्या, खालोखाल. भागधारकांच्या वाट्याचा जो नफा त्यांना वाटला नाही, तो आजवर किती साचला, एवढंच तो आकडा सांगतो. कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) झोण, म्हणजे सभासदांचा वार्षिक वाटा, वाटतात तसा लाभांश वाटला जातो आणि जे वाटलं नाही ते धंद्यातच राहतं.

सत्तरीतला काजूचा एक कारखाना घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पाच वर्षांत कर भरून ६० लाख नफा झाला, २० लाख लाभांश दिला, राहिले ४० लाख. ताळेबंदात राखीव ४० लाख. आता दुसऱ्या बाजूला काय वाढलं ते बघा : नवा बॉयलर आणि गर सुकवायची यंत्रं यांत २२ लाख, गोदामातल्या काजूबिया १२ लाखांच्या, मडगाव-म्हापशाच्या व्यापाऱ्यांकडे उधारी ५ लाख. बँकेत उरला १ लाख. आता मार्च उजाडला. स्थानिक काजूबी येते ती मार्च ते मे या काळात, आणि कारखाना तर वर्षभर चालवायचा. तीन महिन्यांत वर्षाचा माल भरायचा म्हणजे हातात मोठी रक्कम हवी. बॉयलरमधला पैसा बॉयलर विकल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून मालक बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, घेतो, काजूगर विकला जाईल तसं फेडतो. चाळीस लाख राखीव आणि त्याच दिवशी बँकेचं कर्ज, दोन्ही खरं आणि दोन्ही रास्त.

मग हा घोळ एवढा पक्का का बसला? मला वाटतं, आपण ताळेबंद वाचायला शिकलो ते पतसंस्था आणि सहकारी सोसायट्यांच्या अहवालांवर. २००१ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा येईपर्यंत इथे महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदाच लागू होता. त्यात निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला नेणं बंधनकारक आहे, आणि पुष्कळ संस्था तेवढी रक्कम सहकारी बँकेत ठेवून अहवालात ‘राखीव निधी गुंतवणूक’ अशी वेगळी ओळ दाखवतात. तिथे निधीमागे खरोखर ठेव दिसते. कंपनीला तसं बंधन नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात तर लाभांशाआधी ठरावीक टक्के राखीव निधीला नेण्याची सक्तीही राहिलेली नाही.

शिवाय कंपनीच्या राखीवात सगळा नफाच असतो असंही नाही. दहा रुपयांचा समभाग शंभरला विकला की वरचे नव्वद अधिमूल्य म्हणून इथेच येतात. वास्कोतली जुनी जमीन नव्या भावाने मांडली की वाढलेली किंमत पुनर्मूल्यांकन राखीव म्हणून इथेच बसते, एक पैसाही हाती न येता. आणि तोटे साचले तर त्यांची रक्कम याच ठिकाणी उणे दाखवतात. म्हणूनच ‘गंगाजळीतून बक्षीस समभाग’ अशी बातमी वाचून हुरळून जाऊ नका. भागधारकांना पैसे न घेता जादा समभाग दिले आणि त्यासाठी राखीवातला आकडा भागभांडवलात गेला, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीच्या बँक खात्यातून काहीच हललेलं नसतं.

तुमच्या कंपनीबद्दल चिंता करायचीच तर ती वेगळ्या ठिकाणी करा. दुसऱ्या बाजूची ‘रोख व बँक शिल्लक’ ही ओळ बघा आणि पाठोपाठ रोख प्रवाह पत्रक, म्हणजे वर्षभरात रोख कुठून आली आणि कुठे गेली याचा तक्ता, उघडा. नफा दरवर्षी दिसतोय, पण व्यवसायातून येणारी रोख सतत उणे आहे, उधारी आणि माल मात्र फुगत चाललाय, असं असेल तर ४० कोटींचं राखीव तुमच्या उपयोगाचं नाही आणि २५ कोटींचं कर्ज जड जाणार.

शब्द सुचवायचा तर मी ‘राखून ठेवलेला नफा’ म्हणेन. अधिमूल्य वगैरे धरून सगळ्याला मिळून नुसतं ‘राखीव’ पुरे. ‘शिल्लक’ही इथे घोटाळा करते, कारण बँकेतल्या पैशालाही आपण शिल्लकच म्हणतो, त्याऐवजी जुन्या हिशेबनिसांचा ‘वाढावा’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो.