आक्का, लेकीशी कुठल्या भाषेत बोलू?

आक्का, नमस्कार. माझं माहेर गोकाक तालुक्यातलं, घरची भाषा कन्नड. लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आले. सासर मराठी. खाली सहा माग चालतात, वर आम्ही राहतो. मुलगी तीन वर्षं आठ महिन्यांची आहे. ती बोलते, पण सगळी खिचडी. परवा म्हणाली, "अव्वा, आज्जीला सांग, मला हालु बेडा." नर्सरीच्या बाईंनी सांगितलं, दोन-तीन भाषांमुळे मूल गोंधळतंय, एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्लिश. सासूबाई म्हणतात, पोरीला दोन दगडांवर उभं करू नको. तेव्हापासून मी तिच्याशी कन्नड बोलायचं बंद केलंय. माझं मराठी तोडकंमोडकं, इंग्लिश त्याहून कमी. आता तिच्याशी काय बोलू, हेच सुचत नाही. — *एक आई, वडगाव*

तुला अगं-तुगं करते, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. चार वर्षांची होत आलेली लेक समोर बसलेली, आणि आईला तिच्याशी बोलायला भाषाच उरली नाही. मुलीच्या खिचडीपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. म्हणून आधीच सांगते, आज रात्रीपासून तिच्याशी कन्नड बोलायला लाग.

आता तुझ्या लेकीचं ते वाक्य घेऊ. हाक मारली ती तुझ्या भाषेतली, अव्वा. आज्जीला सांग, हे शुद्ध मराठी. दूध आणि नकार तेवढे कन्नडमधले. पण वाक्य कुठं मोडलंय का? 'आज्जीला' मधला 'ला' जागेवर आहे, 'मला' जागेवर आहे, 'बेडा' शेवटी आलंय, जिथं 'नको' आलं असतं. गोंधळलेल्या पोराला एवढं नीट जुळवता येत नाही. तिच्यापाशी दोन डबे आहेत, ज्या डब्यातला शब्द आधी हाताला लागला तो तिनं घातला. दोन भाषांच्या घरातली मुलं जगभर असंच बोलतात. पुढं कुणाशी काय बोलायचं हे त्यांना आपोआप कळायला लागतं. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं, हा समज खरा नाही.

आपल्या भागात तर हे अजून सोपं आहे. 'मला पाणी पाहिजे' आणि 'ननगे नीरु बेकु' हे एकाखाली एक लिहून बघ. मलाखाली ननगे, पाण्याखाली नीरु, पाहिजेखाली बेकु. शब्दाखाली शब्द बसतो. दोन्ही भाषांची कुळं वेगळी, तरी शेकडो वर्षं शेजारी राहून वाक्याची घडी इतकी जवळ आली. आपलं तूप आणि तुझं तुप्पा, अक्का-अण्णा तर दोन्हीकडं तेच. तुझी लेक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी मराठीतून कन्नडमध्ये जाते.

मी हे नुसतं शिक्षिका म्हणून सांगत नाही. 34 वर्षं मराठी शाळेत शिकवलं, तरी मी स्वतः हीच चूक केली होती. माझा थोरला शहरातल्या एका इंग्लिश शाळेत बालवर्गात होता. तिथल्या बाईंनी घरी इंग्लिश बोलायला सांगितलं आणि मी ऐकलं. वर्षभर कम, ईट, स्लीप, डोंट डू. मला तेवढंच येत होतं. पोरगं शहाणं झालं, येस-नो म्हणायला लागलं, मला वाटलं जमतंय. एका संध्याकाळी परसात सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि तो त्यांना सांगत होता, की मांजरीनं माळ्यावर जुन्या धोतरात चार पिल्लं घातलीत, त्यातलं एक पांढरं आहे, त्याचे डोळे अजून मिटलेलेच आहेत, आणि आई ते धोतर धुवायला काढणार आहे तर तिला कसं सांगायचं. एवढी मोठी गोष्ट! मी दाराआड उभी होते. पिल्लांची काळजी त्यानं मला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्याएवढं इंग्लिश ना त्याच्यापाशी होतं ना माझ्यापाशी. ते वर्ष मला परत मिळालं नाही. तुझं जाऊ नये, म्हणून एवढं लिहितेय.

लेकीला आईकडून तोडकी भाषा नको, भरलेली हवी. तुझी भरलेली भाषा कन्नड आहे. चिडायचं, लाड करायचे, लाडाचं नाव ठेवायचं, जोगुळ म्हणजे अंगाई म्हणायची तर तुला कन्नडमध्येच सुचणार. सासूबाईंची भरलेली भाषा मराठी. त्यांनी मराठीतून गोष्टी सांगाव्यात, मालकांनी मराठीतून बोलावं. काटेकोर वाटणी नको. सगळे जेवायला बसले की तूही मराठी बोल, तोडकं असलं तरी बोल. तिनं 'मला हालु बेडा' म्हटलं तर चूक काढू नको. तू तुझ्या भाषेत म्हण, "हालु बेडा? मत्ते एनु बेकु?" आज्जींनी म्हणावं, "दूध नको व्हय? मग काय पाहिजे?" तिला दोन्ही पुरे ऐकू येतात, तेवढं बस्स होतं. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोज. उन्हाळ्यात गोकाकला पंधरा दिवस जास्त राहा. इंग्लिश शाळेत येईल, ती शाळेची जबाबदारी आहे.

पत्रात तू न लिहिलेली एक गोष्ट मला दिसते. कन्नड बोलायला तुला घरात संकोच वाटतो. मी 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरात वाढले. 1956 साली आमचं मराठी गाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, याचं दुःख माझ्या वडिलांनी मरेपर्यंत उरात ठेवलं. मराठी मला जीव की प्राण आहे. म्हणूनच सांगते, आईच्या भाषेवर घाला पडला की काय होतं हे आपल्या लोकांना जेवढं कळतं, तेवढं दुसऱ्या कुणाला कळणार? जे आम्ही आमच्यासाठी मागतो, ते घरात आलेल्या सुनेला नाकारायचं नसतं. हे सासूबाईंना वाचून दाखवलंस तरी चालेल. शिवाय 2015 च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. त्यासाठी लोक शिकवण्या लावतात. तुझ्या लेकीला ती मांडीवर मिळतेय.

आता मागांचं. तुमच्या घराखाली सहा माग धडधडतात. त्या आवाजात मोठ्यांनाही ओरडून बोलावं लागतं, लहान मुलाला शब्दांच्या कडा ऐकू येत नाहीत. दुपारी जेवणासाठी माग थांबतात तो अर्धा तास आणि रात्रीचा तास लेकीसाठी राखून ठेव. तेव्हा टीव्ही नको, मोबाईल नको. मागाच्या खोलीत तिला खेळायला सोडू नका. आणि एकदा कान तपासून घे. तिच्या वाक्यावरून मला काळजी वाटत नाही, पण ती मागून मारलेल्या हाकेला वळत नसेल, टीव्ही मोठा करायला लावत असेल, सर्दीत कान फुटत असेल, तर उशीर नको. जिल्हा रुग्णालयात मुलांच्या वाढीच्या तपासणीची सोय असते. अंगणवाडी-शाळांतून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'ची पथकंही येतात, त्यांना विचार. वाचा-श्रवणासाठी मैसूरची अखिल भारतीय संस्था 1965 पासून आहे, गरज पडली तर तिथंही जाता येतं.

इतर आयांसाठीही लिहिते. दोन वर्षं पूर्ण झाली तरी मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा बोलत होतं ते बोलणं गेलं असेल, तर 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणत थांबू नका. आणि अशा वेळीही भाषा कमी करू नका, आधी कान तपासा.

आक्का, माझं बाळ दीड महिन्याचं आहे. आजेसासूबाई रोज मध चाटवायला सांगतात, पोट साफ राहतं म्हणतात. त्यांचं वय 80, मोडता येत नाही. — *एक सून, उचगाव*

मध नको. वर्ष पुरं होईपर्यंत बोटभरही नको, घरच्या पोळ्यातला नको, उकळूनही नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट ते जिरवतं, बाळाच्या पोटात ते वाढून विष तयार करतात. त्यानं बाळ लुळं पडतं, चोखायचं थांबतं. घरच्या उकळीनं ते बीजाणू मरत नाहीत. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. एवढ्या एका गोष्टीत तुला आजींना मोडावं लागेल, आणि ते तू एकटीनं नको, नवऱ्याला सांगायला लाव. आजींच्या हातून त्यांची जागा मात्र काढून घेऊ नको. अंघोळ त्यांच्या मांडीवर होऊ दे. सहा महिन्यांनंतर नाचण्याचं सत्त्व कसं काढायचं ते त्यांनाच विचार. भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून. ते त्यांच्याइतकं तुला-मला जमणार नाही.

आक्का, खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. गावातल्या सरकारी मराठी शाळेत आता 19 मुलं, दोन मास्तर. मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. भावाची मुलं सकाळी सातला व्हॅननं शहरातल्या इंग्लिश शाळेत जातात. बायको म्हणते, आपल्या लेकीनंच काय पाप केलंय? माझं मन होत नाही, पण मुलीचं नुकसान केलं असं उद्या नको. — *एक वडील, खानापूर तालुका*

भाऊ, कायद्यानं निवड तुमचीच आहे. प्राथमिक शाळेत अमुकच माध्यम घ्या अशी सक्ती सरकार करू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं राज्यघटनेचं कलम 350 अ सांगतं. म्हणजे मराठी शाळा हा तुमचा हक्क आहे, तशीच इंग्लिश शाळाही. तेव्हा बायकोशी भांडू नका. तिला लेकीचं भलंच हवंय.

माझं मत विचारलंत तर, चौथी-पाचवीपर्यंत मराठीत. पण डोळे मिटून नाही. 19 मुलांत दोन मास्तर, म्हणजे दोन-तीन वर्ग एका खोलीत. चांगल्या मास्तराच्या हातात अशी शाळा घरासारखी चालते, मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात. वाईट मास्तराच्या हातात ती नुसती कोंडवाडा होते, हेही मी पाहिलंय. जाऊन अर्धा दिवस बसा. तिसरीतल्या पोराच्या हातात धडा द्या, तो वाचून त्याच्या शब्दांत काय झालं ते सांगतो का बघा. इंग्लिश आणि कन्नड रोज होतं का, की फक्त वेळापत्रकात आहे, ते विचारा. तसंच भावाच्या मुलांच्या शाळेतही जाऊन बसा. तिथला तिसरीचा मुलगा इंग्लिशचा धडा घडाघडा वाचेल, पण त्याला अर्थ विचारा. अर्थ आला तर ती शाळाही चांगली.

व्हॅनचं मात्र मला पटत नाही. सहा वर्षांची पोर सातला निघायची म्हणजे साडेपाचला उठायची. जून-जुलैत मलप्रभेकडचा पाऊस, रस्त्यावर पाणी, व्हॅनमध्ये कोंबलेली पोरं. घरी येऊन ती जेवता जेवता झोपते, शिकणार कधी?

बायकोची भीती खोटी नाही, तेही सांगते. दहावीनंतर पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, सायन्स घेतलं की सगळं इंग्लिशमध्ये. माझी हुशार मुलं पहिल्या सहा महिन्यांत रडायची. घनता पाठ, पण 'डेन्सिटी' म्हटलं की गप्प. त्यावर मी एक युक्ती काढली होती. पाचवीपासून वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने, मराठी, कन्नड, इंग्लिश. घनता, सांद्रते, डेन्सिटी. क्षेत्रफळ, विस्तीर्ण, एरिया. प्रकाशसंश्लेषण, द्युतिसंश्लेषणे, फोटोसिंथेसिस. रोज तीन शब्द, जास्त नाही. दहावीपर्यंत दोन वह्या भरायच्या. त्यातल्या एका मुलीनं पुढं पीयूसीच्या पहिल्या दिवसापासून ती वही दप्तरात ठेवली होती, आणि वर्गातल्या इंग्लिश शाळेच्या मुलीही ती मागून न्यायच्या, कारण त्यांना शब्द येत होते, अर्थ मराठीतून कळत होता.

व्हॅनचे पैसे वाचतील. त्यातून दर महिन्याला लेकीला एक मराठी पुस्तक आणि एक चित्रांचं इंग्लिश पुस्तक आणा, आणि रात्री तुम्ही स्वतः शेजारी बसून वाचा. इंग्लिश अडलं तर अडू द्या, बाप आपल्यासोबत अडखळतोय हे तिला दिसू द्या.

शाळा बघायला जाल तेव्हा बायकोलाही न्या, आणि लेकीलाही. अंगणवाडीतली तिची एखादी मैत्रीण तिथं बाकावर बसलेली असली, तर तिचं तोंड कसं उजळतं ते दोघांनी मिळून बघा. मग घरी येऊन ठरवा.