आरपीजीमध्ये जगबुडी दारात येऊन ठेपलेली असते, तरी सगळे माझी वाट बघत का बसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘द विचर ३’ या आरपीजीमध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन कथा जगायच्या व्हिडिओ गेममध्ये, नायक गेराल्टने मुलीसारखी वाढवलेली सिरी संकटात आहे, तिच्या मागे मारेकरी लागलेत, आणि तुम्ही सराईत बसून निवांत पत्ते खेळताय. त्यामुळे कथेतला जीवच जातो. असं सगळ्यांचंच होतं का, आणि वर्षानुवर्षं आरपीजी खेळणाऱ्यांना आणखी काय सलतं?

होतं, सगळ्यांचंच होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मी हे खेळ खेळत आलेय आणि मला तर सगळ्यात जास्त हेच सलतं. यात दोष खेळणाऱ्याचा नाही. पत्त्यांचा डाव खेळानेच मांडलाय. ‘वेळ फार कमी आहे’ असं एखाद्या पात्राच्या तोंडी घालायचं, आणि तुम्ही दोन महिन्यांनी उगवलात तरी ते पात्र त्याच भिंतीला टेकून तेच वाक्य म्हणणार, हेही खेळानेच ठरवलेलं असतं. पहिल्या काही तासांतच आपल्याला कळून चुकतं की इथे उशीर होतच नाही. त्यानंतर कुणी कितीही कळवळून हाक मारली तरी ती मनाला लागत नाही.

वाईट याचं वाटतं की यावरचे उपाय फार जुने आहेत. २००० सालचा ‘बाल्डर्स गेट २’ घ्या. सुरुवातीलाच तुमची लहानपणापासूनची मैत्रीण इमोएन पकडून नेली जाते. तिला सोडवायचं तर मदत हवी, आणि मदत करू शकणारी माणसं त्यासाठी पैसे मागतात: वीस हजार सोन्याची नाणी. तुमच्या खिशात तेवढे नसतात. मग शहरात जी काही छोटीमोठी कामं मिळतील ती धरायची. कुणाचा वाडा परत मिळवून द्या, कुठे सर्कशीच्या तंबूत काय गडबड झालीय ते बघा. ही साइड क्वेस्टच, म्हणजे मुख्य कथेबाहेरची कामंच आहेत, पण प्रत्येक नाणं इमोएनसाठी जमतंय, त्यामुळे भटकताना अपराधी वाटत नाही. कथेला एकच छोटासा अडसर घातला आणि अख्खा अध्याय सुसंगत झाला. पंचवीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

दुसरा उपाय म्हणजे घड्याळ खरं ठेवणं. १९९७च्या ‘फॉलआउट’मध्ये तुमच्या भुयारी वस्तीचं पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि नवी आणायला १५० दिवस मिळतात. वाळवंटातून एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना नकाशावर दिवस सरताना दिसतात. नाहीच आणली चिप, तर खेळ संपतो. याच खेळात पुढच्या भागालाही मुदत होती. ती मात्र नंतर पॅच, म्हणजे खेळाची दुरुस्ती, काढून इतकी लांबवली की नसल्यासारखीच झाली, कारण बऱ्याच लोकांना मुदत नकोच असते. ते मला पटतं. अख्ख्या खेळावर टांगती तलवार मलाही नको. पण दोन-चार ठिकाणी तरी ती असावी. ‘मास इफेक्ट २’ने २०१०मध्ये हे नेमकं जमवलं. शेवटाकडे तुमच्या जहाजावरची माणसं शत्रू उचलून नेतो. तडक त्यांच्या मागे गेलात तर सगळी वाचतात. एखाद-दोन मोहिमा उरकून गेलात तर निम्मी गेलेली असतात, आणखी रेंगाळलात तर एक डॉक्टर सोडून कुणीच उरत नाही. तोवर खेळाने कुठेही घाई केलेली नसते, म्हणून ही घाई खरी वाटते.

याच्या उलटही होतं. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पहिल्याच दृश्यात डोक्यात एक अळी शिरते आणि सगळे सांगतात की काही दिवसांत तुमचा राक्षस होणार. साहजिकच कित्येक खेळाडूंनी हे मनावर घेतलं आणि रात्रीचा मुक्काम शक्य तितका टाळला. पण या खेळातली सोबत्यांची सर्वांत जिवंत संभाषणं मुक्कामावरच होतात. ज्यांनी कथेवर विश्वास ठेवला, त्यांच्याच हातून कथेतला चांगला भाग निसटला. मला हा खेळ अतोनात आवडतो, म्हणूनच हे जास्त लागतं.

हे असं का होतं याचा मी बराच विचार केलाय. मला वाटतं, मोठे खेळ बनवणाऱ्यांना एकच भीती असते: खेळाडूचं काहीतरी बघायचं राहून जाईल. ती भीती समजण्यासारखी आहे. एका दृश्यासाठी लेखन, आवाज, अ‍ॅनिमेशन, चाचणी हे सगळं करायचं आणि निम्म्या लोकांनी ते बघायचंच नाही, हा हिशोब कुठल्याच कंपनीला परवडत नाही. ‘द विचर २’ने २०११मध्ये तो धोका पत्करला होता. पहिल्या अध्यायाच्या शेवटी तुम्ही रोश किंवा योरव्हेथ यांपैकी एकाची बाजू घेता आणि दुसरा अध्याय पूर्ण वेगळा होतो. वेगळी छावणी, वेगळी माणसं, त्याच युद्धाकडे बघण्याची वेगळी बाजू. एकदाच खेळणाऱ्याला त्यातला मोठा तुकडा कधी दिसतच नाही. माझ्या मते आरपीजी म्हणजे हेच. मी इकडे गेले म्हणून तिकडचं मला कळलं नाही. माझ्या निवडीला वजन येतं ते तिच्यापायी काहीतरी सोडावं लागतं म्हणून.

ही भीती एकदा दिसली की बाकीच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. एकाच पात्राला सगळं जमायलाच हवं, हा हट्ट त्यातलाच. ‘स्कायरिम’मध्ये मोजक्या मंत्रांच्या बळावर तुम्ही जादूगारांच्या विद्यापीठाचे प्रमुख होता, आणि तेच तुम्ही चोरांच्या टोळीचेही म्होरके. कुणी हरकत घेत नाही. मला याच्या अगदी उलट हवंय. माझ्या पात्राला काय येत नाही, ते मला जाणवायला हवं.

२००१चा ‘गॉथिक’ नावाचा जर्मन खेळ आहे. त्यात तुमचा नायक सुरुवातीला एका हातात पेलायची तलवार दोन्ही हातांनी, लाकूड फोडायला निघाल्यासारखी धरतो. गुरू गाठून, शिकून घेतलं की त्याची पकड बदलते, पावलं बदलतात, वार एकमेकांत मिसळायला लागतात. पडद्यावरचा कुठलाही आकडा न बघता कळतं की हा माणूस शिकला. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये, म्हणजे २०१८मध्ये, नायक हेन्री निरक्षर असतो. पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी झालेली दिसतात. लेखनिकाकडून धडे घेतल्यावर हळूहळू शब्द जुळायला लागतात. मी त्या पानांकडे कितीतरी वेळ बघत बसले होते. ‘वाचन: पातळी १’ असं लिहून भागलं असतं, पण त्यांनी निरक्षर माणसाला पान कसं दिसतं ते दाखवलं. असे दोन तपशील असले तर मी शंभर तासांचा नकाशा सोडून द्यायला तयार आहे.

आणि उलट बाजूने, पात्राला जे उत्तम जमतं त्याने खेळ खरोखर जिंकताही यायला हवा. पहिल्या ‘फॉलआउट’चा खलनायक मास्टर सगळ्या माणसांचं म्युटंटमध्ये, म्हणजे शरीर बदलून गेलेल्या राक्षसी जीवांमध्ये, रूपांतर करायला निघालेला असतो. त्याच्याशी लढता येतं. पण तुम्ही आधी नीट चौकशी केली असेल, म्युटंट वांझ असल्याचा पुरावा मिळवला असेल आणि बोलण्यात तयार असाल, तर तुम्ही त्याला पटवून देऊ शकता की त्याच्या नव्या वंशाला पुढची पिढीच नाही. तो हादरतो आणि स्वतःच सगळं संपवतो. गोळी न झाडता. आज इतक्या वर्षांनीही ‘बोलून जिंकणं’ म्हटलं की मला तेच आठवतं, कारण तिथे पात्राचं नुसतं स्पीच स्किल, म्हणजे बोलण्याचं कौशल्य, पुरत नाही, काहीतरी माहीत असावं लागतं.

आता सेव्ह-लोडबद्दल. फासा वाईट पडला की आधी जतन करून ठेवलेला खेळ, म्हणजे जुना सेव्ह, उघडायचा, ही सवय लागणं स्वाभाविक आहे. हरल्यावर पुढे रस्ताच नसेल तर माणूस मागेच वळणार. ज्या खेळांनी हे ओळखलं ते वेगळे उठून दिसतात. २०१९च्या ‘डिस्को एलिझियम’मध्ये फसलेले प्रयत्न अनेकदा यशापेक्षा रंगतदार असतात. नेहमीसारखी लढाई त्यात नाहीच, त्यामुळे अपयशाचा अर्थ मरण असाच होत नाही. पात्राची फजिती होते, गुपित फुटतं, समोरच्याला दया येते, आणि कथा त्या वाटेने पुढे जाते. पहिल्या ‘विचर’ने, २००७मध्ये, दुसरी युक्ती केली: परिणाम उशिरा दाखवला. पहिल्या अध्यायात तुम्ही बंडखोरांना पेट्या नेऊ देता. काही तासांनी, पुढच्या अध्यायात, तुम्हाला हवा असलेला माणूस मेलेला सापडतो आणि लक्षात येतं की त्या पेट्यांतली शस्त्रं कुठे गेली. आता मागे जायचं म्हटलं तर आख्खी संध्याकाळ पुन्हा खेळावी लागेल. कुणी जात नाही. मनाई न करता खेळाने तुम्हाला निर्णयासोबत राहायला लावलं.

लेव्हल स्केलिंगवर, म्हणजे तुमच्याबरोबर शत्रूही बलवान होत जाण्यावर, फार लिहीत नाही, ‘ऑब्लिव्हियन’ खेळलेल्या कुणालाही विचारा. तुमची लेव्हल वाढली की रस्त्यावरचा साधा लुटारूही सर्वांत महागडं चिलखत घालून शंभर नाण्यांसाठी वाट अडवतो. मग मी वाढले ती कशासाठी? कुठे जायचं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या बाणांबद्दलही तेच. बाण असू द्यात, पण तो बंद केला तरी रस्ता सापडेल इतकं लिहिलेलं तरी असावं. ‘मोरोविंड’मध्ये लोक सांगत, पूल ओलांडून डावीकडे, मग टेकडीच्या पायथ्याशी. कधीकधी ते चुकीचंही निघे आणि तेव्हा चिडचिड व्हायची, हे कबूल. पण त्या बेटावरचा रस्ता मला आजही आठवतो. बाणामागे पळत गेलेला एकही आठवत नाही.

संवादांचं मात्र मनापासून सांगते. निवडताना पडद्यावर तीन शब्द दिसतात आणि पात्र भलतंच काहीतरी फाडकन बोलून मोकळं होतं, हे बंद व्हायला हवं. मला पूर्ण वाक्य दाखवा. नायकाला आवाज देण्याच्या नादात निवडी आटणार असतील तर आवाज नको. २०१५च्या ‘फॉलआउट ४’मध्ये हेच झालं: जवळपास प्रत्येक वेळी चारच पर्याय, आणि त्यातले बरेचसे फिरून होकारावरच येणारे.

आणि चांगुलपणाचं मीटर, म्हणजे तुम्ही किती चांगलं वागलात ते मोजून दाखवणारी पट्टी, नको. १९८५च्या ‘अल्टिमा ४’मध्ये औषधी वनस्पती विकणारी बाई आंधळी असते. किती नाणी दिली हे तुम्हीच तिला सांगायचं. कमी दिलीत तरी ती धन्यवाद म्हणते. पडद्यावर काही चमकत नाही, आवाज होत नाही. पण खेळाने ते टिपलेलं असतं, आणि प्रामाणिकपणाच्या मार्गावर तुम्ही मागे पडता. कुणी बघत नाही असं वाटताना मी कशी वागते, हे खेळाने बघितलं. त्यानंतर लाल-निळ्या पट्ट्या भरत जाणारे खेळ आले आणि लोक पट्टी भरण्यासाठी चांगलं वागायला लागले. मला ती आंधळी दुकानदार परत हवीय.

तुम्ही सध्या ‘विचर ३’च्या मध्यावर असाल तर एक उपयोगाची गोष्ट सांगते. पुढे एका टप्प्यावर सिरीला आणायला धुक्याच्या बेटावर जायचं असतं आणि त्याआधी मोठ्या लढाईसाठी मित्र गोळा करायचे असतात. तिथे साइड क्वेस्टना खरा अर्थ येतो, कारण आधी कुणाचं काम केलंत यावर कोण मदतीला येईल ते ठरतं. बेटाकडे निघालात की काही क्वेस्ट कायमची बंद होतात. खेळ तशी सूचनाही देतो. तेव्हा पत्ते आत्ता बाजूला ठेवा, सिरीच्या मागावर सरळ जा, आणि भटकायचं ते त्या टप्प्यावर भटका. कथा बरीच घट्ट वाटेल. केइरा ही चेटकीण आणि लेथो हा गेराल्टसारखाच विचर, या दोघांची कामं मात्र वाटेत लागली की सोडू नका.