नॅनोट्यूबचा स्पंज दाबल्यावर परत का फुगत नाही

तुम्ही लिहिलंय की दाबाचा सेन्सर करायला नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) एसडीएस या साबणाच्या पाण्यात सोनिकेट करून, म्हणजे ध्वनिलहरींनी सुटे करून, साच्यात ओतले, ओव्हनमध्ये वाळवले आणि हातात आला एक चिमुकला काळा खडा, दाबला की भुगा. अहो, घोळ ओव्हनचा आहे. पाणी वाळताना भोकांच्या भिंती आत खेचतं, 100 नॅनोमीटर त्रिज्येच्या भोकात ही ओढ हवेच्या दाबाच्या साधारण 14 पट भरते, एवढ्यापुढे ती नाजूक जाळी काय टिकणार! म्हणून फ्रीज ड्राय करा, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवा, बर्फाची थेट वाफ होते आणि ओढ लागतच नाही. फक्त गोठवायचं झटपट, लिक्विड नायट्रोजनमध्ये, फ्रीजरमध्ये सावकाश गोठवलंत तर बर्फाचे मोठमोठे स्फटिक नळ्यांना बाजूला ढकलतात आणि स्पंजऐवजी पापुद्रे मिळतात, माझे पहिले तीन नमुने असेच गेले.

पण नुसतं वाळवणं जमलं म्हणजे स्प्रिंग आली असं नाही. नळ्या एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात, दाबलं की घसरतात आणि नव्या जागी चिकटून बसतात, मग परत फुगणार कशा? सांधे पक्के करायला लागतात. पीव्हीए (एक पॉलिमर) घातलं तर ताकद येते पण ते इन्सुलेटर, करंटची वाट अडते. कार्नेगी मेलनच्या टीमने 2012 मध्ये सांध्यांवर ग्राफीनचा (कार्बनच्या अणूइतक्या पातळ पापुद्र्याचा) थर चढवला, तेव्हा तोच ठिसूळ एरोजेल (असाच हलका, पोकळ स्पंज) 10 लाख वेळा दाबूनही जवळपास जसाच्या तसा राहिला, माझ्या मते सगळी गंमत त्या सांध्यातच आहे. सीव्हीडीची (तापलेल्या वायूतून कार्बन जमवायची) भट्टी हाताशी असेल तर 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने स्पंज थेट वाढवताही येतो, 99 टक्क्यांहून जास्त पोकळ, आणि साबण धुवायची कटकटच नाही.

आता तुम्ही म्हणता की स्पंज दाबून रेझिस्टन्स मोजताना रीडिंग हलतंय, ते. दाबल्यावर नळ्यांचे स्पर्श वाढतात म्हणून रेझिस्टन्स घटतो हे खरंच, पण धातूची प्लेट स्पंजला घट्ट टेकली की तिथलाही रेझिस्टन्स घटतो, आणि आपण खुश होतो की सेन्सर काय भारी! सिल्व्हर पेस्ट (करंट वाहणारा चांदीचा लेप) लावा, पण पातळ नको, स्पंज ती शाईसारखी पिऊन टाकतो, थोडी घट्ट होऊ द्या मग टेकवा, आणि फोर-प्रोबनेच (करंटला दोन तारा, व्होल्टेजला वेगळ्या दोन) मोजा. पहिल्या काही दाबांत जाळी बसत असते, ती रीडिंग्ज सोडून द्या.

आणि हो, कापताना मास्क घाला, फ्यूम हूडमध्येच (हवा खेचून घेणाऱ्या कपाटात) कापा, ती काळी धूळ फुफ्फुसात जायला नको.